एक किलो वनस्पती

...नाही, मला एक सांगा, मी काय गांजा मागितला का त्याच्याकडे? अफू मागितली? वनस्पती तूप मागितलं हो! एक किलो! नानकटाईला! तर तो दुकानदार असा मागे सरकला... असा... जसं काही मी काउंटरवर जिवंत साप ठेवलाय! "काका, वो तो हम रखतेही नहीं. वो तो नुकसान करता है." नुकसान? अरे, तुझ्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला वेफर्स, उजव्या हाताला वेफर्स, वर टांगलेले वेफर्स, ते डोक्याला लागतात, आणि खाली रंगीत पाण्याच्या बाटल्या, ते सगळं काय धन्वंतरीने स्वतः येऊन मांडून ठेवलंय? आणि मला सांगतोय नुकसान! खाल्लं ना आम्ही? जन्मभर खाल्लं! मेलो का?

आणि तुम्हाला सांगतो, हे मला कुठे ऐकवलं जातंय, तर सिल्वासात! जिथे दर दुसऱ्या दुकानात बाटल्यांची आरास! शनिवार आला की दारूबंदीच्या गुजरातेतून, वापीकडून, वलसाडकडून गाड्यांची रांग लागते, कपाळाला टिळा लावलेली सभ्य माणसं उतरतात, इकडे बघत नाहीत, तिकडे बघत नाहीत, सरळ आत, आणि बाहेर येतात ती काळी पिशवी घेऊन, खणखणत! त्यांना कुणी म्हणतं का, काका, नुकसान करता है? आणि मी, अरविंद, सरकारी कचेरीत खुर्ची झिजवून झिजवून निवृत्तीला टेकलेला माणूस, कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, तो मी वनस्पती मागितलं तर गुन्हेगार!

मग गेलो बाजारात, आपल्या जुन्या शेठकडे. म्हटलं, हा तरी माणसात असेल. याच्या बापाच्या हातून मी ते पिवळे डबे नेलेत, ताडाचं झाड काढलेले. आठवतात ना? आम्ही सगळ्यालाच डालडा म्हणायचो. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लावायची, दुसरा रिकामा झाला की अंघोळीला! अर्ध्या कॉलनीने त्या डब्यांनी अंघोळी केल्यात! तर हा शेठ मला म्हणतो, "अरविंदभाई, ए हवे कोण खाय छे? घी लई जाओ ने! ए-टू छे!" म्हटलं, ए-टू म्हणजे काय? "गाय ए-टू छे." गाईला नंबर? मी म्हटलं, शेठ, आमच्या गावी गाई होत्या, एक कपिला होती, एक हरणी होती, ए-टू नव्हती हो कुणी! तर बरणी काढली काचेची, वर सुतळी बांधलेली, किंमत सांगितली... मी ती बरणी अशी दोन्ही हातांनी, हळूच, परत जागेवर ठेवली. झोपलेलं पोर पाळण्यात ठेवतात ना, तशी. म्हटलं, मला गाय नकोय शेठ, वनस्पती हवंय. तेव्हा कुठे त्याने रस्त्याकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "अथाल बाजू जाओ. त्यां कामदारोनी चाली छे ने, त्यां मळशे." कुजबुजून! वनस्पतीचा पत्ता कुजबुजून सांगायचा? काय दिवस आलेत हो!

आता तुम्ही म्हणाल, अरविंदराव, एवढं काय अडलं होतं? सांगतो. पण आधी आमच्या घरातली तेलं ऐका, त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. लग्न झालं तेव्हा घरात शेंगदाण्याचं तेल. किटलीत. रोहिणी, म्हणजे आमचं कुटुंब, घरात आली आणि टीव्हीवर कुणीतरी पांढरा कोट घालून सांगितलं, करडई. करडई आली. मग म्हणे करडई नको, सूर्यफूल, काळजाला हलकं. सूर्यफूल आलं. इतकं शुद्ध, इतकं शुद्ध, की त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही, बाटलीत तेल आहे की नाही ते हलवून बघावं लागे! मग ते वाईट ठरलं. मग तांदळाच्या कोंड्याचं. कोंड्याचं हो! कोकणात कोंडा आम्ही म्हशीला घालायचो, तीसुद्धा आधी तोंड फिरवायची! मग ऑलिव्ह. त्यात हिने थालीपीठ लावलं. ते थालीपीठ... जाऊ दे, ती ऐकत असेल. आणि मग एक दिवस घरात लाकडी घाण्याचं तेल आलं. शेंगदाण्याचं! तिप्पट पैसे मोजून! आणि रोहिणी झाकण उघडून मला म्हणते, "वास बघा ना काय सुंदर!" अगं बये, हे तेच! तुझ्या सासूच्या किटलीतलं! जे तू उग्र वास येतो म्हणून बाहेर काढलंस! म्हणजे माझे आजोबा जे तेल गरीब होते म्हणून खायचे, ते मी आता मला पगार आहे म्हणून खायचं!

आणि कन्या, गौरी. ती सकाळी कॉफीत तूप घालून पिते. कॉफीत! वर असा पिवळा थर, तवंग! म्हटलं, बाळा, तूप भातावर घे, मऊ भात, मीठ, लिंबू... तर म्हणते, "बाबा, भात नको, भातात कार्ब्स असतात." म्हणजे तूप चांगलं, भात वाईट! मी तिच्या वयाचा होतो तेव्हा भात हवा तेवढा आणि तूप बोटाच्या टोकाएवढं! हे लोक एकदा काय ते ठरवून का टाकत नाहीत? मी तोपर्यंत थांबतो! उपाशी थांबतो!

तर अडलं होतं ते आईमुळे. आमची आई, प्रमिलाबाई, वय ब्याऐंशी. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. आणि जेवेना. काही केल्या जेवेना! चमचाभर पेज, की तोंड फिरवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "औषधांचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं तर त्या उठतील. पथ्य-बिथ्य विसरा, मागतील ते द्या." मागतील ते! आणि ती काही मागतच नव्हती! मला भीती वाटायला लागली हो, उगाच कशाला लपवू. कचेरीत फाइल उघडायचो आणि डोक्यात एकच, आज तिने काय खाल्लं असेल... आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी ती आपणहून म्हणाली, "अरू, नानकटाई दे रे. भट्टीवरची."

मागितलं! आईने मागितलं! मी पायात चप्पल सरकवली, तोवर रोहिणी म्हणते, "थांबा, मी घरीच करते, पौष्टिक." केली. मनापासून केली, खोटं बोलणार नाही. नाचणीचं पीठ, गूळ, ओट्स, वर ऑलिव्हचा थेंब, आणि त्या एअर फ्रायरमध्ये भाजली. आईने एक हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "सूनबाई, ही खायची की भिंतीवर थापायची?" आणि ताटली सरकवली. त्या दिवशी मग पेजसुद्धा घेतली नाही.

माझं डोकं फिरलं! अहो, सरळ गोष्ट आहे, भट्टीवरची म्हणजे काय? आम्ही कोकणातून इथे आलो, सरकारी क्वार्टर मिळालं, तेव्हा ओव्हन कुणाकडे होता? दिवाळी जवळ आली की सगळ्या बायका डबे घेऊन बेकरीत निघायच्या. मैदा आपला, साखर आपली, वनस्पती आपलं, भट्टी त्याची. तो भट्टीवाला आपल्यासमोर मोठ्या परातीत तळहाताने साखर नि वनस्पती फेसणार, गोळे वळणार, पत्र्यावर मांडणार, लांब फळीने आत सारणार. डबा घरी यायचा तो गरम, आई पदराने धरून आणायची. आणि ती नानकटाई! वरून तडकलेली, आतून भुसभुशीत, जिभेवर ठेवली की गेली! कशामुळे? वनस्पतीमुळे! आईला ती चव हवीय, दुसरं काय?

तर रोहिणी म्हणते, "अहो, एवढंच आहे तर घरातलं तूप घेऊन जा ना भट्टीवर. चांगलं साजूक आहे." आता तुम्हीच सांगा, मला राग येणार नाही का? म्हटलं, आई माझी आहे की तुझी? बाबांच्या भातावर तूप असायचं, माझ्या भातावर असायचं, तिच्या भातावर कधी बघितलंस? तिने जन्मात तुपाला हात लावला नाही! तिला आवडतच नाही! ती वनस्पतीची बाई आहे! रोहिणी म्हणते, "विचारा तरी त्यांना." विचारा! मी माझ्या आईला तिची आवड विचारू? उद्या म्हणशील, नाव विचारा! तर म्हणते, "अहो, पण त्याने रक्तवाहिन्या..." म्हटलं, खाल्लं ना आम्ही? मेलो का? तर ही शांतपणे म्हणते, "मामंजी गेलेच की." अगं, बाबा गेले, पण बाबा तूप खाऊन गेले! वनस्पती खाणारी आत बसलीय, ब्याऐंशीची! आता यावर आहे उत्तर? ती स्वयंपाकघरात गेली, भांडी आपटल्याचा आवाज आला. म्हणजे मी जिंकलो.

तर स्कूटर काढली आणि गाठलं अथाल, कारखान्यांच्या बाजूचं. चाळींच्या तोंडाशी एक छोटं दुकान, कारखान्याची पाळी नुकतीच सुटलेली, दहाजण उभे. आणि तिथे, तुम्हाला सांगतो, वनस्पतीची पाकिटं अशी समोर, राजरोस! मला भरून आलं! मी म्हटलं, एक किलो द्या. माझ्या शेजारी एक खानदेशातला कामगार उभा होता, खिशावर कंपनीने विणून दिलेलं नाव, गोकुळ. त्याने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, इस्त्रीचा शर्ट, चष्मा, आणि म्हणाला, "साहेब, तुमी बी हाईच खातस का? आमले वाटे, फक्त आम्हीच खातस." म्हटलं, हो बाबा, खातो. तर त्याला इतका आनंद झाला, त्याने दुकानदाराला सांगितलं, "साहेबले आधी दे!" एवढा मान मला कचेरीत मिळालेला नाही.

दुकानदाराने पाकीट घातलं काळ्या पिशवीत. का? म्हटलं, पांढरी नाही का? म्हणाला, काळीच आहे. बरं. परत येताना सिग्नलला थांबलो, तर बाटल्यांच्या दुकानातून कोण बाहेर यावं? आमचे साहेब! हातात काळी पिशवी! त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, त्यांनी माझी पिशवी बघितली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं... असं मायेचं... इतक्या वर्षांत पहिल्यांदा! जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "काय अरविंदराव, पाहुणे?" मी म्हटलं, हो साहेब, पाहुणे. "माझ्याकडेही पाहुणे." अहो, काय सांगू त्यांना? साहेब, यात रम नाही, वनस्पती आहे? इज्जत गेली असती माझी! दारू म्हटल्यावर माणूस माणसात येतो, वनस्पती म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसभर झालं असतं, अरविंदला तूप परवडत नाही!

तसाच भट्टीवर, मैदा-साखरेचा डबा घरूनच स्कूटरला अडकवून आणलेला. बेकरीत ही मोठी रांग. आता घरोघरी ओव्हन आहेत, पण दिवाळीत अजून बायका येतात बरं का, कारण त्या ओव्हनमध्ये दहा होतात आणि त्यातल्या अर्ध्या जळतात. सगळ्यांच्या हातात स्टीलचे डबे, आणि डब्यात काय? तूप! जिच्या-तिच्या डब्यात तूप! आणि सगळ्या एकमेकींना ऐकू जाईल अशा बोलतायत. "आमचं गीर गाईचं." "आमचं माहेराहून येतं, लोणी काढलेलं." "मी तर ते यूट्यूबवाल्या ताईंकडूनच मागवते." मी काळी पिशवी पोटाशी धरून उभा. आणि पुढे कोण? आमच्या शेजारच्या कावेरीताई! सकाळी योगा, दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर आरोग्याचे मेसेज, संध्याकाळी समोर जो सापडेल त्याच्या ताटावर टीका. माझा नंबर आला, भट्टीवाल्याने पिशवी घेतली, आणि पाकीट काढून धपकन ठेवलं. सगळ्यांसमोर!

"अ-र-विं-द-रा-व!" कावेरीताई अशा ओरडल्या की भट्टीतला जाळ खाली बसला! "हे तुम्ही आईंना देणार? या वयात? अहो, हे विष आहे विष! हे नळात घातलं तर नळ तुंबतो!" म्हटलं, मी नळात घालत नाहीये ताई, नानकटाईत घालतोय. "तुम्हाला आईंची काही काळजी आहे की नाही?" आता मात्र माझी सटकली! आईची काळजी आहे की नाही म्हणे! मी गावभर वणवण करतोय ती कुणासाठी? मी म्हटलं, ताई, तुमच्या त्या दुसऱ्या पिशवीत काय आहे? "खारी आहे. आणि टोस्ट." कुठून घेतलीत? "इथूनच, रोज घेते." म्हटलं, मग जरा त्या टेबलाखाली बघा! टेबलाखाली हे एवढे मोठे खोके, वनस्पतीचे! म्हटलं, खारीचे पदर कशाने सुटतात असं वाटतं तुम्हाला? योगाने? खारीत काय आहे, टोस्टात काय आहे, नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर ते फुलं काढलेलं पांढरं काय आहे, समोशाचा वास आख्ख्या बाजारात पसरतो तो कशाचा आहे? सोडलंय कुणी वनस्पती? कुणीही नाही! फक्त घरात आणायचं सोडलंय! दुसऱ्याने आपल्याला न सांगता घातलं की ते बेकरीचं, आणि मी सांगून घातलं की विष! खाल्लं ना आम्ही? आणि तुम्हीही खाताय! मेलात का?

हे जरा जोरात झालं. भट्टीवाला पुढे झाला, माझा दंड धरला आणि ओठ न हलवता म्हणाला, "साहब, धीरे. दिवाली का सीझन है." आणि पायाने खोका टेबलाखाली आणखी आत ढकलला. मला वाटलं, आता बायका त्याच्यावर तुटून पडणार. पडल्या का? नाही! माझ्यावर! मागून आवाज आला, "भैया, इनका उस परात में मत फेंटना, हमारा घी है." दुसरी म्हणाली, "हमारे बाद लेना इनका." तिसरी म्हणाली, "पत्रा भी अलग." अहो, परात बाटली! वनस्पतीने परात बाटते! तूप वेगळं बसणार, वनस्पती वेगळं बसणार, वनस्पतीला वेगळा पत्रा! आणि त्याने काय करावं? माझा डबा उचलला आणि रांगेच्या अगदी शेवटी, पार पोत्यांजवळ, नेऊन ठेवला. "साहब, आपका लास्ट में लगाता हूँ." मी पोत्यावर बसून राहिलो. सगळ्यांचे डबे भरून गेले. एकेक बाई जाताना माझ्याकडे अशी बघत होती, जशी मी तिथे बसून बिडी ओढतोय. पायाला मुंग्या आल्या, पण उठलो नाही. म्हटलं, आईने मागितलंय. बसेन. उद्यापर्यंत बसेन.

झाली एकदाची! आणि काय झाली होती म्हणता! गोरीपान, वरून तडकलेली, मधोमध चारोळी. डबा गरम, मी स्कूटरवर पुढे दोन पायांत धरून आणला, मांड्या भाजल्या तरी सोडला नाही. घरात शिरलो. रोहिणी, गौरी, दोघी सोफ्यावर, माझ्याशी बोलणं बंद. मी म्हटलं, बघाच आता! आईच्या खोलीत गेलो, उशीला टेकवून तिला बसवलं, आणि हातावर नानकटाई ठेवली. म्हटलं, आई, भट्टीवरची! आपली!

तिने वास घेतला. चारोळी काढून आधी खाल्ली. मग एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावतेय... चावतेय... गिळला! अहो, गिळला! दुसरा तुकडा मोडला! मी वळून दारातल्या दोघींकडे असं बघितलं, असं, की यंव! आणि तेवढ्यात आई म्हणाली, "छान भाजलीय."

म्हटलं, मग! "भट्टीचीच आहे. कळतं." म्हटलं, मग! "पण यात वनस्पती घातलंयस." म्हटलं, अर्थात! आई, गावभर शोधून आणलं! अथालपर्यंत गेलो! तर तिने राहिलेली अर्धी नानकटाई ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, मी पाचवीत नापास झालो होतो तेव्हा बघितलं होतं तशी. "का रे? आता तूप मिळत नाही?"

मी म्हटलं, आई, तूप तुला... तूप तुला आवडत नाही ना. तू कधी तुपाला हातसुद्धा लावला नाहीस. "हात कसा नाही लावला? तुम्हा दोघांना वाढायला कुणाचा हात होता? वाटीत असायचं दोघांपुरतं. बापाला वाढा, लेकाला वाढा, उरलं तर पाहुण्याला. मी वाटी चाटू की काय?" अगं, पण कधी बोलली नाहीस! "तू कधी विचारलंस?" दारातून रोहिणी... नाही, काही बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं. मी आपलं शेवटचं म्हणून बघितलं. म्हटलं, आई, पण वनस्पती आपण इतकी वर्षं आनंदाने खाल्लं. खाल्लं ना आपण? मेलो का? तर ती ब्याऐंशी वर्षांची, न्यूमोनियातून उठलेली बाई उशीवरून ताठ झाली आणि म्हणाली, "अरे, मेले नाही म्हणून काय जन्मभर तेच खाऊ? एकदा तरी तुपाची भट्टीवरची नानकटाई खाऊन मला बघायची होती. म्हणून तर मागितली! आता लेकाला पगार आहे, नात कॉफीत तूप ओतते, मी म्हटलं, आता तरी माझ्यापर्यंत येईल!"

राग कुणावर काढू? दुकानदारावर? शेठवर? कावेरीताईंवर? मी तिथे उभा, हातात तो गरम डबा, आणि मला रडू येत होतं की राग येत होता, तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी परत रांगेत. या वेळी स्टीलचा डबा, आत साजूक तूप, रोहिणीने स्वतः भरून दिलेलं, एक शब्द न बोलता, आणि ते न बोलणं मला पार बेकरीपर्यंत ऐकू येत होतं. कावेरीताई होत्याच. "आता कसं, अरविंदराव!" म्हणाल्या, आणि स्वतःच्या पुढे घेतलं मला. भट्टीवाल्याने सलाम ठोकला. चांगली परात! चांगला पत्रा! आणि सांगतो, तुपाची म्हणून जरा पसरली, वनस्पतीसारखी उंच नाही झाली, तडकलीसुद्धा नाही. मी म्हटलं, आता आई नावं ठेवणार. तर आईने एक खाल्ली. अख्खी. मग दुसरी मागितली, चहाबरोबर. संध्याकाळी म्हणाली, भात टाक गं रोहिणी, भूक लागलीय. जेवते आता. उठून बसते, भांडते, सगळ्यांना नावं ठेवते. म्हणजे बरी आहे. देवाने मला एवढं दिलं, मी आणखी काय मागू?

फक्त एक झालं. तो पहिला डबा. वनस्पतीचा. भरलेला, तसाच. म्हटलं, टाकून देतो. तर आई आतून ओरडली, "खबरदार! अन्न आहे ते! ज्याने केलं त्याने संपवायचं!" गौरी हात लावत नाही. रोहिणी तर त्या डब्याकडे बघतसुद्धा नाही, आणि परवा माझाच रक्ताचा रिपोर्ट आलाय, डॉक्टर म्हणाले, अरविंदराव, आता जरा सांभाळा. सांभाळू कसा? आई रोज सकाळी डबा उघडून बघते, किती उरल्या. सकाळी खातो, ऑफिसात खातो, मघाशी तुमच्याच जिन्यात उभा राहून खाल्ली.

हा बघा, बरोबरच आणलाय. घ्या ना. घ्या हो, एकेक. लाजू नका. ताई, तुम्ही? एक? अर्धी? काका, तुमच्या वयाला तर... अहो, निदान वास तरी घ्या! ...नाही? कुणीच नाही? बरं. मग चहा तरी सांगा एक. बिनसाखरेचा सांगा.